जल्माचं लाल

माझं अक्षर चांगलं नाही आणि शुद्धलेखन तर त्याहून वाईट. चौथीत शाळा सुटली, तोवर हातात जेवढं बसलं तेवढंच आहे. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला अजून कळत नाही. हात जाईल तिकडं वेलांटी देते. हे कुणाच्या हाती पडलंच तर त्यानं चुका पोटात घालाव्यात. तसं कुणाच्या हाती पडावं म्हणून मी लिहीत नाही. समोर माणूस असलं की माझं बोलणं घशात अडकतं, कागदासमोर अडकत नाही, एवढंच. आणि मावशीबद्दल कुणाशी तरी बोलावं असं लई दिवसांपासून वाटतंय.

मावशी आमची घरमालकीण. नात्यानं कुणी नव्हती. तोंडावर सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची आणि पाठीमागं लाल मावशी, कारण तिचं डोकं लाल होतं. मेंदी लावणाऱ्या बायका पुष्कळ असतात, पण तिच्यासारखं लाल मी कुणाचं बघितलं नाही. दुपारी ती ओट्यावर बसली की लांबून वाटायचं, कुणीतरी चुलीतला निखारा बाहेर आणून ठेवलाय.

आमच्या गावाकडं लागोपाठ दोन-तीन साल पाऊस आला नाही. चारा नाही, पाणी नाही, म्हणून मेंढरं विकली आणि आम्ही पोरीला घेऊन शहरात आलो. गारखेड्याच्या पुढं तेव्हा रोज नवीन इमारती उठत होत्या. माणसाला प्यायला पाणी नव्हतं, पण सिमेंट कालवायला कुठून तरी यायचं. आमचे हे तिथंच कामाला लागले. खोली शोधत शोधत आम्ही मावशीच्या दारात आलो. गुंठेवारीतल्या छोट्या प्लॉटवरचं घर. पुढं ओटा, मग तिच्या दोन खोल्या, आणि मागं भाड्यानं द्यायची पत्र्याची एक खोली.

तिनं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही. मला म्हणाली, "हात दाखव."

मी घाबरून दोन्ही हात पुढं केले. तिनं ते उलटेपालटे करून बघितले.

"डोक्याला मेंदी लावता येती का?"

मी मान हलवली.

"मान काय हलवती बैलावानी? तोंड हाय ना? व्हय म्हण, नायतर नाय म्हण."

"व्हय," मी म्हणाले.

"मग ऱ्हा."

डिपॉझिट मात्र तिनं सोडलं नाही. शेवटच्या मेंढरांचे पैसे होते ते. ह्यांनी दिले, तिनं कमरेच्या पिशवीत खोचले आणि म्हणाली, "खोली सोडशील तवा मिळतील. मी कुणाचं ठेवत नाय."

ती लष्कराच्या छावणीत जन्मली, छावणीतच वाढली. तिथल्या एका शाळेत ती आया होती. पोरांची नाकं पुसायची, शी-शू काढायची, घंटा वाजवायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. पेन्शन झाल्यावर शाळेनं जुनी पितळेची हातघंटा मोडीत काढली, ती तिनं मागून घेतली. टँकर गल्लीच्या तोंडाशी दिसला की मावशी ओट्यावर उभी राहून ती घंटा वाजवायची. शाळा सुटल्यासारख्या बायका हंडे घेऊन पळत यायच्या. टँकरवाल्याला ती राजे म्हणायची. "आले का राजे! काय वाट बघायला लावता. नवऱ्याची बी कधी एवढी बघितली नाय." तो बिचारा लाजायचा आणि तिच्या ड्रमात पाईप सोडायचा.

त्या ड्रमांनाही नावं होती. निळा गळायचा, त्याचं नाव सासूबाई. "दिवसभर टिपटिप टिपटिप, बंदच नाय." काळा जाडजूड होता, तो थोरला दीर. "पोट तेवढं मोठं." एक लहानसा पत्र्याचा होता, त्याला नाव नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "ते आमचे मालक. गंजून गेले लवकर." आणि हसली. तिच्या हसण्यावर आपण हसावं की नाही हे मला कळायचं नाही.

रविवार मेंदीचा. आदल्या दिवशी लोखंडाच्या कढईत मेंदी भिजवायची, चहाचं पाणी घालून, थोडा कात, थोडं दही. लिंबू घातलेलं तिला चालायचं नाही. सकाळी ती ओट्याच्या कडेला बसायची, मी मागं. मेंदी लावून झाली की साडीच्या दुकानाची पिशवी डोक्याला बांधायची आणि ऊन चढेपर्यंत तशीच बसून राहायची. धुवायला एक तांब्या. खरंच एक. आधी ओल्या फडक्यानं सगळं पुसून काढायचं, मग तांब्या हळूहळू ओतायचा, आणि खाली ठेवलेल्या घमेल्यातलं पाणी शेवग्याला. गल्लीत सगळ्यांची झाडं वाळली, मावशीचा शेवगा तेवढा तगला.

पहिल्या रविवारी मी भांग पाडला आणि माझा हात थांबला. म्हातारीच्या केसाची मुळं पांढरी असतात. मेंदी वर चढत गेली की खाली पांढरी रेघ दिसते, माझ्या सासूची मी कितीदा बघितली होती. मावशीची मुळं लाल होती. मेंदीसारखी गडद नव्हेत, मक्याच्या कणसाला शेंडी असते ना, तसली. मधूनच एखादा पांढरा.

तिला पाठीला डोळे असावेत. "दिसलं का?" म्हणाली.

मी गप्प.

"तू बोलत नाय ते बरंय. म्हणूनच तुला ठेवली. ह्याच्या आधीची भाडेकरीण लई बोलायची, तिला मी डोक्याला हात लावू दिला नाय."

मग तिनं सांगितलं. केस जन्मापासून असेच. आई, वडील, आजी, घरात कुणाचेच तसे नव्हते. आजी, म्हणजे आईची आई, छावणीत एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर कपडे धुवायला जायची. नात जन्मली, तोवर साहेब जाऊन काही वर्षं झाली होती, आजीही गेली होती. पण बाळाचं डोकं बघून लोकांना आजीचा बंगला आठवला. वडील आईला टाकायला निघाले. आई हुशार. पोरीला चालता यायच्या आधीच तिनं डोक्याला मेंदी थापायला सुरुवात केली. उष्णतेचं पोर आहे, डोकं थंड राहावं म्हणून लावते, असं सांगायची. काही वर्षांनी लोक विसरले.

"मेंदीचं लाल लोकांना चालतं पोरी," मावशी म्हणाली. "जल्माचं लाल चालत नाय."

लालावर लाल लावून ती आयुष्यभर लपली होती. तिच्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. मला माहीत झालं, कारण माझं तोंड उघडत नव्हतं.

आता त्या क्लिपचं सांगते.

गल्लीच्या तोंडाशी एकाचं मोबाईलचं दुकान होतं. रिचार्ज करायचा, आणि कार्ड भरून द्यायचा, म्हणजे गाणी, सिनेमे, हसण्याचे व्हिडिओ. माणूस वाईट नव्हता. पण लोकांना हसवलं नाही तर त्याचा दिवस जायचा नाही. त्याच्याकडं परदेशातला एक व्हिडिओ आला होता. त्यात लाल केसांची माणसं होती, आणि तिकडं म्हणे त्यांना चिडवतात, की लाल केसवाल्यांना आत्मा नसतो. का, ते मला कळलं नाही. तिकडच्या लोकांनाही माहीत नसावं.

एका रविवारी टँकर अचानक आला. एरवी तो रविवारी येत नसे. मावशीच्या डोक्यावर मेंदी, नुकतीच बांधलेली पिशवी, गाठ मारताना माझे हात तिच्या कानाशी. ती तशीच उठली आणि घंटा वाजवायला लागली. बायका जमल्या. आमच्या समोरच्या घरात बाळंतीण होती. मावशी ओरडली, "आधी बाळंतिणीचे हंडे! बाकीच्या मागं सरका." सगळ्या सरकल्या. तेवढ्यात दुकानवाला हसत म्हणाला, "मावशी, आज डोकं धुवायला किती पाणी लागंल?"

"टँकर पुरा!" मावशी म्हणाली. "आधी माझं डोकं धुईन, मग तुमच्या सगळ्यांची. लई मळलीत."

सगळे हसले. मीही हसले. त्याच्या हातात फोन होता हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्यानं काय केलं, तर बाळंतिणीचं कापून टाकलं. फक्त "टँकर पुरा, आधी माझं डोकं धुईन" एवढंच ठेवलं, ते परदेशातल्या व्हिडिओला मागून जोडलं आणि वर लिहिलं, लाल केसवाल्यांना आत्मा नसतो, आमच्या गल्लीत पण एक आहे. मग जो रिचार्जला येईल त्याला दाखवायचा, जो कार्ड भरायला येईल त्याच्या कार्डात टाकायचा.

आमच्या ह्यांनी कामावरून येऊन मला दाखवलं. त्यांच्याकडं ते बिहारच्या एका गवंड्याच्या फोनवरून आलं होतं. त्याला मराठीचं अक्षर समजत नव्हतं तरी तो हसून लोळत होता. मी बघितलं, आणि मला मावशीच्या आधी माझे हात दिसले. गाठ मारणारे, नखं लाल झालेले. तोंड नव्हतं माझं. तरी मी पदर डोक्यावर ओढला.

त्यानंतर ते वणव्यासारखं पसरलं. बेकरीत एक चाचा होते, दाढी मेंदीची. पोरं दारातून विचारायची, "चाचा, आत्मा है क्या?" चाचा म्हणायचे, "हौ, है ना. मगर उधारी पे नइ देता." राशनच्या रांगेत मेंदीवाली बाई दिसली की लोक मागं सरकायचे, जीव नाही हिला, हात लावू नका. कुणी तांबड्या मांजराचा फोटो घातला. कुणी लग्नातल्या नवऱ्याच्या आजीचा. एका रिक्षाच्या पाठीवर मी स्वतः वाचलं, "आत्मा आहे, पाणी नाही." आधी चिडवणं होतं, मग त्याचा खेळ झाला, मग कुणाला मूळ कुठलं तेही आठवेना. पण क्लिप मात्र तीच फिरत राहिली, पिशवी बांधलेली मावशी आणि टँकर पुरा. घराघरात नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं. लोकांना कुणावर तरी चिडायचं होतं, आणि हसायचंही होतं. दोन्ही एकाच बाईत मिळालं.

मावशीकडं साधा फोन होता, बटणाचा. तिला काहीच माहीत नव्हतं.

पेन्शन काढायला ती क्रांती चौकातल्या बँकेत गेली. परत आली ती उड्या मारायची बाकी होती. "अगं पोरी! ऐक की! बँकेत पोरं आली माझ्याजवळ. मावशी, फोटो काढू का म्हणाली. एक नाय, दोन नाय, रांग लागली! एकजण तर पाया पडला. माझ्या शाळेतलीच असणार. मला नाय ओळखू आली, केवढाली झाली बघ. पण त्यांनी ओळखलं. नाकं पुसली म्या त्यांची."

मी तोंड उघडलं. "मावशी, ते..."

"थांब, ऐक तर. एक पोरगी म्हणाली, तुम्ही लई फेमस हाव. मी म्हणलं, बाई गं, तीस साल घंटा वाजवली, फेमस होणारच की."

त्यानंतर ती कामं काढून क्रांती चौकात जायला लागली. जाताना पावडर लावायची, पांढरी स्वच्छ साडी नेसायची, पौर्णिमेला विहारात जाताना नेसायची ती. येताना सांगायची, आज अमुक भेटला, आज तमुकनं खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. घरी तिच्याकडं कुणी येत नसे. मला वाटायचं, तिला हे खरंच वाटू दे. ज्या पोरांनी फोटो काढले त्यांच्यातलं एखादं तरी तिच्या शाळेतलं असेलच की.

मग एके दिवशी ती आमच्या खोलीत आली. ह्यांना म्हणाली, "जावईबापू, तुमच्या फोनात माझा फोटू येतो का बघा की. त्या पोरांनी काढलेला. मला बघायचाय."

ह्यांना वाटलं, तिला सगळं माहीत आहे. त्यांनी क्लिप लावून दिली.

मावशीनं फोन लांब धरून बघितलं. पहिल्यांदा स्वतःला बघून हसली. "पिशवी बघ कशी दिसती." मग परत लावायला सांगितलं. मग विचारलं, "वर काय लिहिलंय?" हे उठून बाहेर गेले. मी वाचून दाखवलं. मला तेवढं वाचता येतं.

तिनं ते मला दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "आत्मा नसतो म्हणतो का? अरे येड्या, आम्ही बौद्ध. आमच्यात आत्मा मानतच नाय. कुणालाच नाय, काळ्या केसवाल्याला बी नाय. नवीन काय सांगितलंस?"

मला वाटलं, सुटलो. पण तिनं फोन माझ्या हातात दिला आणि तिचा आवाज बदलला.

"पण पाणी? बाळंतिणीचं कुठं गेलं ह्यातलं? मी गल्लीचं पाणी डोक्यावर ओतती, असं वाटतंय ना बघणाऱ्याला?" आणि मग, अगदी बारीक आवाजात, "म्हणजे ती पोरं माझ्या शाळेतली नव्हती."

दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा तिनं घंटा वाजवली, पण दाराच्या आतून. बायका पाणी भरून गेल्यावर ती आपला हंडा घेऊन बाहेर आली आणि दुकानापाशी उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "पाऊस पडंपर्यंत मेंदी बंद. डोक्याला एक थेंब लावणार नाय. बघत ऱ्हावा."

आणि गल्ली बघत राहिली. क्रांती चौक बंद झाला, विहार बंद झाला. ती दारात बसायची आणि लोक जाता-येता तिच्या भांगाकडं बघायचे. कुणाला वाईटपणा नव्हता, तशी गंमतच होती. लाल मावशीची पांढरी मावशी कधी होते.

ती काही झाली नाही. आठवडे गेले, मुळं वाढली, आणि मुळं लालच आली. थोडी फिकी, पण लाल.

मी रविवारी नुसती वेणी घालायला जायची. मावशी म्हणायची, "काय करू गं? खरं सांगितलं तर आजीला शिव्या बसतील. आईनं जलमभर झाकलं. नाय सांगितलं तर मी पाणीचोर." मी वेणी घट्ट घालायची, म्हणजे मुळं कमी दिसतील असं मला वाटायचं.

एका टँकरच्या दिवशी समोरच्या घरातली म्हातारी, त्या बाळंतिणीची सासूच, रांगेत मोठ्यानं बोलली. "मेंदी बंद म्हणती अन् मुळं लालच्या लाल. आम्ही काय आंधळे हाव का? दुपारी दार लावून धुती. सूनबाईच्या बाळाला आंघोळीला पाणी नाय, अन् हिचं डोकं बघा."

टँकरवाल्यानं पाईप हातात धरला होता, त्यातून पाणी नुसतंच जमिनीवर पडत होतं. आतून मावशी बाहेर आली. मला म्हणाली, "कंगवा आण."

मी आणला. ती ओट्याच्या कडेला बसली, बायकांकडं पाठ करून.

"भांग पाड. रुंद पाड. ह्यांना दिसू दे."

मी भांग पाडला, कंगव्यानं केस दोन्हीकडं धरले.

"या की पुढं," मावशी म्हणाली. "तुम्ही बी मेंदी लावता. सांगा मला, मेंदी लावली की डोक्याची कातडी रंगती का नाय? चार-सहा दिवस जात नाय का नाय? माझी बघा. हाय का कुठं डाग?"

दोघी-तिघी वाकल्या. कातडी पांढरी स्वच्छ होती.

"आता हिचे हात बघा. हिच्याबिगर मला कोण लावतं? पोरी, हात दाखव."

मी हात पुढं केले. ज्या हातांना सगळ्या शहरानं बघितलं होतं ते. नखं आता साधी झाली होती. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. मावशी मान न वळवता म्हणाली, "तोंड हाय ना?"

"नाय लावली," मी म्हणाले. "दोन महिने नाय लावली. अन् लावायची तवा पण एका तांब्यात धुवायची. ते पाणी बी शेवग्याला."

एवढं लांब मी गल्लीत कधी बोलले नव्हते.

म्हातारी म्हणाली, "मग लाल आलं कुठून?"

मावशी तशीच बसून होती. मला तिची मान दिसत होती फक्त. मला वाटलं आता ती काहीतरी बनवून सांगेल, उष्णता, औषध, काहीही. तिच्या आईनं सांगितलं तसं.

"जल्माचं हाय," ती म्हणाली. "माझी आजी छावणीत गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर कपडे धुवायची. आता तिला काय म्हणायचं ते म्हणा. ती मेली, तिला ऐकू येत नाय. पण पाणी मी नाय चोरलं. बाळाची आंघोळ मी नाय घेतली."

बाळंतीण दारात उभी होती, बाळ खांद्यावर. ती आली आणि तिनं मावशीच्या केसाला हात लावला, नुसता, कापड बघतात तसा. दुकानवाला आपल्या दारात होता. फोन हातात होता. त्यानं तो वर केला नाही. म्हणून पहिली क्लिप शहरभर गेली आणि हे मात्र गल्लीच्या बाहेर गेलं नाही.

मला वाटलं होतं, आता सगळ्या तिच्या ओट्यावर येतील. तसं झालं नाही. पाण्याचं बोलणं थांबलं, ते खरं. तिला पाणीचोर पुन्हा कुणी म्हणालं नाही. पण आजीचं बोलणं सुरू झालं. मी गेले की बायका बोलायच्या थांबायच्या. बाळंतिणीच्या सासूनं एकदा ताटात झाकून खीर पाठवली, पण स्वतः आली नाही. मावशी विचारायची नाही. फक्त एकदा म्हणाली, "आईला लई वाईट वाटलं असतं." मग म्हणाली, "पण आईला टँकर माहीत नव्हता."

पुढच्या साली पाऊस बरा झाला. लोकांच्या फोनात दुसरं काहीतरी आलं, कुठलातरी नाचणारा माणूस, आणि लाल केसवाल्यांना पुन्हा आत्मा मिळाला. दुकानवाल्यानंही दुकान बदललं. मी मावशीला म्हणाले, आता भिजवू का मेंदी? ती म्हणाली, "आता काय झाकायचंय?" केस हळूहळू सगळेच मक्याच्या शेंडीचे झाले. मेंदी नाही, वेणीही ती आपली आपण घालायला लागली, म्हणून रविवारही गेला.

त्याच सुमारास ह्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला एका इमारतीवर वॉचमनचं काम मिळालं, खोलीसकट. आम्ही खोली सोडली. मावशीनं डिपॉझिटचे थोडे पैसे काढून दिले. "आत्ता एवढेच हायत. बाकी रविवारी येऊन घेऊन जा."

मी रविवारी गेले. दोन रिक्षा बदलून जावं लागायचं. तिनं चहा केला, मी तेल लावून वेणी घातली, निघताना तिनं एक नोट माझ्या मुठीत दाबली. "बाकी पुढच्या रविवारी." पुढच्या रविवारीही तसंच. कधी दिलेल्यातले थोडे परत मागून घ्यायची, "ऱ्हाऊ दे, दूध आणायचंय." मग हिशेब मागं जायचा. हे चिडायचे. "पेन्शन हाय तिला. एकदम का देत नाय? मी येऊन बोलतो." मी त्यांना येऊ दिलं नाही. तिच्या साखरेच्या डब्यात पैसे असतात हे मला माहीत होतं. डब्यातली साखर मीच तर काढायची. आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. आम्ही दोघीही त्यावर कधी बोललो नाही.

असं वर्षाच्या वर चाललं. मग भाचा आला नांदेडहून. प्लॉटला चांगला भाव आला होता, शेजारच्या प्लॉटांवर फ्लॅट उठत होते. तिला तो आपल्याकडं नेणार होता. त्याची बायको सोबत आली होती, तिनं काळ्या रंगाचं पाकीट आणलं होतं. "आत्या, तिकडं चार लोक येतात-जातात. ती क्लिप कुणाला आठवायची. एकदा काळे करून घेऊ." मावशी म्हणाली, "तुझे कर." भाचा हसला, बायको हसली नाही.

शेवटच्या रविवारी मी घरूनच मेंदी भिजवून नेली. कात घालून, लिंबू न घालता. नव्या ठिकाणी तिला लागेल असं मला वाटलं होतं. तिनं डबा उघडून वास घेतला, मग झाकण लावलं. "नको. नुसतं तेल लाव."

मी तेल लावलं. ड्रम तिथंच राहणार होते. सासूबाई टिपटिप करत होती. घंटा तिनं पेटीत कपड्यांच्या मधे ठेवली होती, भाच्याला न सांगता. वेणी झाली, मी उगाच परत सोडून परत घातली. मग तिनं कमरेची पिशवी सोडली आणि उरलेले सगळे पैसे माझ्या ओटीत ठेवले.

"मोज."

"नको मावशी."

"मोज गं. माझ्यासमोर मोज."

मी मोजले. होता होईल तेवढे हळू मोजले. एक नोट कमी आहे म्हणावं, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. एक नोट कमी असती तर ती म्हणाली असती, पुढच्या रविवारी ये. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"पुरे हायत का?"

"व्हय," मी म्हणाले. "पुरे हायत."

"मी कुणाचं ठेवत नाय," मावशी म्हणाली, आणि पिशवीचं तोंड ओढून बांधलं.